तांब्यावरचा मंत्र

हैदराबादच्या जुन्या बाजारात पितळी भांड्यांचा ढीग उपसताना एक तांब्या हाती लागला. "शाही चीज है अम्मा, मंतर लिखा है इस पे," म्हातारा दुकानदार म्हणाला. मी पदराने काठ पुसला. टिंबाटिंबांची अक्षरं उजळली : 'चि. सौ. कां. यमूस मावशीकडून.'

मंत्र कसला! आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर घालतात ते नाव! मी आनंदाने हसतच सुटले. कुठली कोण यमू, केवढ्या लांब सासरी आली! भांडं झिजेल, पण आपल्यामागे कोणीतरी आहे हे पोरीने विसरू नये, म्हणून मावशीने कासाराजवळ बसून कोरून घेतलं असणार.

"मतलब क्या है?" म्हाताऱ्याने विचारलं.

मी जरा अडखळले. "बेटी, सुखी रहना."

"मैं बोला ना अम्मा, मंतरीच है!"