चिठ्ठी माझी निघाली

परवा रविवारी करंजाडेला शोभाकडे जेवायला गेले होते. शोभा म्हणजे माझी जुळी बहीण, बँकेत असते. पानं घ्यायच्या आधीच तिनं एका क्लासचं पत्रक माझ्या पुढ्यात टाकलं... लेकीला, तन्वीला, दहावीसाठी तिथं घालू का नको?

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे असलं काही विचारलं की मला चेव येतो. म्हटलं, हे लोक परीक्षा घेऊन हुशार मुलंच आत घेतात, मग मार्क चांगले पडणारच! क्लासचा खरा फरक बघायचा तर सारखीच मुलं घ्यायची, चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना क्लासला पाठवायचं, अर्ध्यांना घरी ठेवायचं... आणि मग निकाल ताडून बघायचा.

आमच्या बाबांनी नेमकं हेच केलं होतं.

माहेरचे, सारसोळ्याचे ते दिवस... दहावीला दोघींनाही क्लास हवा होता, पण संध्याकाळी मासळी विकायला आईसोबत एक जण लागायचीच. बाबांनी देवासमोर चिठ्ठ्या टाकल्या आणि माझी निघाली. शोभा मासळीची पाटी उचलून आईच्या मागे गेली. तिची ती पाठमोरी वेणी मला अजून दिसते.

निकाल लागला तर दोघींच्या मार्कांत जेमतेम फरक! हे उदाहरण मी दरवर्षी वर्गात देते. दोघींवरून कसं ठरवणार, म्हणून पोरं हसतात... पण क्लासनं काही होत नाही हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. शोभालाही तेच ऐकवलं, तुला कुठे क्लास होता, तरी मार्क सारखेच ना!

शोभा हातातला डाव तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"मना क्लास नव्हता असा कोन बोल्ला? तू रोज येऊन ओट्यावर शिकवायचीस, तो क्लास नाय तं काय?"

अरे, खरंच की... ती कोलंबी सोलता सोलता विचारायची आणि मी सांगायचे. माझ्या वह्यांना इतका वास यायचा की क्लासमधल्या मुली सरकून बसायच्या. आणि खरं सांगू? तिला समजावतानाच मला गणित कळायचं. इतकी वर्षं जिला मी 'बिनक्लासची' म्हणून मोजलं, ती माझी पहिली विद्यार्थिनी होती. चक्क डोळे भरून आले.

"ता ऱ्हाऊ दे, तन्वीला घालू का नको?"

"घाल. पण रोज घरी आली की तिनं सगळं तुला शिकवायचं."

"मना? आता या वयान?"

तन्वी तोवर पुस्तक घेऊन आईशेजारी येऊन बसलीसुद्धा!

थँक यू, शोभा... चिठ्ठी माझी निघाली, पण क्लास आपण दोघींनी केला.