बाहुलीची मान

जपानातल्या नारुको गावच्या लाकडी बाहुलीची मान वळवली की ती कुईं करते. ताझुरूबाईंच्या सगळ्या बाहुल्या मात्र मुक्या.

बसच्या तिकीट खिडकीवरून निवृत्त झाल्यावर त्या हौसेनं म्हाताऱ्या कान्नो कातारींकडे लाकूड कातायला शिकू लागल्या. धड सुरेख उतरायचं. पण मान बसवताना ते धड लेथवर गरगर फिरत असतं, आणि डोक्याचा खुंट त्याच्या भोकात नेटानं दाबावा लागतो. लाकूड तापतं, धूर निघतो. धूर दिसला की ताझुरूबाई हात मागे घेत आणि नंतर गुपचूप गोंद लावून मोकळ्या होत.

एक दिवस म्हाताऱ्यानं पकडलंच. "गोंद? अहो बाई, गळा दाबलात की पोरीचा!"

"मग काय बोटं भाजून घेऊ?"

"घ्या की! घरी कोण विचारणार आहे तुम्हाला?"

बोलून गेल्यावर म्हाताऱ्यानं जीभ चावली. ताझुरूबाईंनी नवं डोकं उचललं आणि फिरत्या धडावर दाबलं. धूर आला, हात हलला नाही. टक्कन मान बसली.

संध्याकाळी घराचं दार सरकवून त्या रोजच्यासारख्या म्हणाल्या, "आले हं मी." एकट्या राहू लागल्यापासून अकरा वर्षांत कुणी ओ दिली नव्हती. त्यांनी पिशवीतून बाहुली काढली, मान वळवली.

कुईं.

एका पायातला बूट तसाच ठेवून त्या पायरीवर बसल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "आले हं मी."