पानी कोन काढनार?

नानांच्या तोंडी एकच प्रश्न कायम असायचा, "पानी कोन काढनार?" वसईत कुठेही खड्डा खणा, थोडं खाली गेलं की पाणी लागतंच. ते पंपाने उपसायचा खर्च खोदकामाच्या ठेकेदाराने आपल्या रेटमध्ये धरलाय की कंपनीच्या गळ्यात पडणार, हे टेंडर भरायच्या आधी विचारून घ्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. पण नाना तो कुणालाही विचारायचे. खिडक्यावाला आला, "पानी कोन काढनार?" रंगवाला आला तरी तेच. त्यांचं म्हणणं, दोन ठेकेदारांच्या मधे पडलेलं काम कुणाचंच नसतं, आणि बुडवतं तेच. रंगवाला बिचारा गोंधळून माझ्याकडे बघायचा.

मी लग्न होऊन वसईतल्या एव्हरशाईन वसाहतीत राहायला आले आणि वसई पूर्वेच्या एका बांधकाम कंपनीत नानांच्या हाताखाली एस्टिमेटर म्हणून लागले. नाना जवळच्या गास गावचे, घरची खाडीकाठची भातशेती. मला 'बाय' म्हणायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाय, सिमेंटचा हिशोब कुनालाही येतो. तू मानसं सांभाळायला शिक."

माणसं म्हणजे ठेकेदार. प्लंबिंग, वायरिंग, लादी, खोदकाम, प्रत्येक कामाचे तीन-चार जणांकडून रेट मागवायचे आणि त्यावर आपलं टेंडर उभं करायचं. आमचे शेठ हळूच येऊन म्हणायचे, "नाना, ह्याचा रेट त्या दुसऱ्याला सांगा ना. खाली येईल तो." नाना मान वर न करता म्हणायचे, "येल खाली. पन परत आपल्याकडे नाय येनार." एकाचा आकडा दुसऱ्याच्या कानावर त्यांनी कधी घातला नाही. इतर कंपन्यांत ठेकेदार याच भीतीने शेवटच्या मिनिटापर्यंत रेट दाबून ठेवतात. नानांकडे दोन-दोन दिवस आधी यायचे.

म्हणून ते गोड बोलायचे असं मात्र नाही हं. "लादी लावलीस, मग घासायला काय तुझी सासू येनार?" असं फोनवर ओरडायचे आणि समोरचा मुकाट्याने घासाईचा रेट जोडायचा. दिवाळीत कुणी मिठाईचा खोका आणला तर तो परत, वर घरच्या वांग्यांची पिशवी. एक वायरिंगवाला तर वांगी न्यायलाच यायचा, असा मला दाट संशय आहे.

मग ते हॉस्पिटलचं टेंडर आलं. कंपनीकडे कामच उरलं नव्हतं. शेठनी स्पष्ट सांगितलं, हे हातचं गेलं तर ऑफिसातला एक माणूस कमी करावा लागेल. सगळ्यांत नवी मीच. आणि टेंडरच्या दिवशी सकाळी नानांनी खोदकामाचे रेट पुन्हा तपासले, तर निर्मळ गावच्या डॉमनिकचा इतका कमी, की शेठ खूश. डॉमनिकचं ते पहिलंच मोठं काम होतं. नानांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. पाणी उपसणं धरलंच नव्हतं त्याने.

शेठ म्हणाले, "सगळं त्याच्याकडे, असं लेखी दिलंय ना? मग तो बघेल."

"मरेल तो," नाना म्हणाले, आणि शेठसमोरच फोन लावला. "डॉमनिक, तुझा कागद घे नि पयल्यापासून वाच. दुसऱ्यांचं मी काय सांगनार नाय. तू तुझं वाच."

अर्ध्या तासाने डॉमनिकचा फोन आला, "नाना, पाणी राहिलं होतं." नवा रेट घालून आम्ही टेंडर भरलं, आणि थोडक्यात हरलो. मला नानांचा भयंकर राग आला. ज्यांना ते काम मिळालं त्यांनी हॉस्पिटल चांगलं बांधलं, नफाही कमावला असेल. नानांचंच बरोबर होतं असं दाखवणारं काहीएक घडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते शेठच्या केबिनमध्ये गेले आणि बाहेर येऊन ड्रॉवर आवरायला लागले. "मीच शेठना सांगितलंय, मला कमी करा. माझं भात आहे, तुझं काय आहे, बाय?" मी टेबलावर डोकं ठेवून रडले. त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला आणि तो थंड होतोय म्हणून मलाच रागावले.

त्यांच्या खुर्चीवर मी बसले, पण रेट काही येईनात. टेंडरच्या दिवशी फोन करून थकायचे. सगळे "देतो मॅडम" म्हणायचे आणि अगदी शेवटी द्यायचे, डॉमनिकसुद्धा. मी गासला जाऊन रडगाणं गायले. नाना बांधावर बसले होते. म्हणाले, "माझ्याकडे काय पयल्या दिवसापासून येत होते? कुनाचा आकडा फोडू नको. येतील."

नाना गेल्या पावसाळ्यात वारले. परवा टेंडरला दोन दिवस असताना डॉमनिकचा रेट आला. मी न राहवून नानांच्या घरी फोन लावला. त्यांच्या बायकोने, काकूंनी उचलला. "काकू, डॉमनिकने दोन दिवस आधी रेट दिला," मी म्हटलं.

"हो का? सांगते हां त्यांना," काकू म्हणाल्या.