'वेळियूर'चं कार्ड

नव्या फोनच्या खोक्याचा वास आला की मला तिरुवल्लिकेणीतलं ते अरुंद दुकान आठवतं, दाराशी मोगऱ्याच्या गजऱ्यांची टोपली आणि आत पंख्याची घरघर. मुलगी नोकरीसाठी जर्मनीला निघाली होती आणि तिला इथंही, तिथंही चालेल असा फोन आणि सिमकार्ड घ्यायचं होतं. मी चौथी शिकलेला, पण कारखान्यात उभा जन्म तमिळ बोललोय, म्हणून मायलेकींना म्हटलं, "तुम्ही गप्प राहा, मी बोलतो." दुकानदाराला ऐटीत सांगितलं, पोरगी 'वेळियूर'ला चाललीय. त्यानं लगेच एक कार्ड पुढं केलं, "मदुरै, कोइम्बतूर, कुठंही चालेल, सार!" बायको पदर तोंडाला लावून हसली, "अहो, वेळियूर म्हणजे बाहेरगाव! परदेशाला वेळिनाडू म्हणतात. एवढी वर्षं काय तमिळ बोललात?" मुलगीही हसायला लागली. शब्द मला ठाऊक होता हो, पण तोंडातून निघालाच नव्हता. मी हट्टानं म्हटलं, "बाहेरगावीच चाललीय ती. परदेश फार लांब असतो." मुलीचं हसू एकदम थांबलं. माझा हात धरून ती म्हणाली, "बाबा, रोज फोन करीन." मग परदेशात चालणारं कार्ड तिनंच निवडलं. पोचल्यावर तिचा फोन आला तेव्हा मी "जेवलीस का?" एवढंच विचारलं. आता फोनवर नातवंडं दिसतात, आपसात जर्मन बोलत असतात. मी त्यांनाही तेवढंच विचारतो, आणि ती मराठीत सांगतात, "हो आजोबा, जेवलो."