शुक्लाजींच्या स्वयंपाकघरातून अमरकंटक

जबलपूरला उतरले, गढा वस्तीत मावशीच्या गल्लीशी पोचले आणि पहिल्याच पावलाला ओरडा खाल्ला. गल्लीच्या तोंडाशीच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत निळा पट्टा रंगवलेला होता. मी चाकांची बॅग ओढत त्यावरून निघाले, तर पलीकडून मावशी म्हणाली, "अगं थांब, मैयावरून बॅग काहून ओढून राहिली?"

मैया म्हणजे नर्मदा. गल्लीतल्या घरांनी मिळून ती फरशीवर रंगवली होती. हा उद्योग माझ्या निवृत्त शिक्षिका मावशीचा. प्रत्येक घराला हातभर नदी वाटून दिली होती, ज्याला जशी आठवते तशी काढायची. एका आजोबांनी लहानपणीचा पूर काढला होता, त्यात म्हैस वाहत होती. शेजारच्या सुनेचे भेडाघाटचे संगमरवरी खडक मला साबणाच्या वड्यांसारखे वाटले, पण मी पडले पाहुणी. उगम, म्हणजे अमरकंटक, टोकाच्या घरातल्या शुक्लाजींच्या पायरीशी. समुद्राला जागाच उरली नव्हती, म्हणून नर्मदा सरळ गटाराला मिळाली होती.

घोळ रंग वाळल्यावर लक्षात आला. आता मैयावर पाय कोण ठेवणार? रंगवताना एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं, धन्य आहे. शेवटी विटांवर फळी टाकून पूल केला. माणसं कशीबशी जात, शुक्लाजींची स्कूटर मात्र आत अडकली. चित्राला हात न लावणारं घर त्यांचं एकट्याचंच. उद्यापर्यंत पुसा, नाहीतर मीच घासून काढतो, असं त्यांनी मावशीला बजावलं होतं.

मावशीने मला खोव्याची जलेबी (खव्याची जाड, काळपट जिलबी) आग्रहाने वाढली, स्वतः मात्र घासही घेतला नाही. ऑइलपेंटसाठी एवढं काय, असं मी म्हणून गेले. तिचा चेहरा पाहून जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शुक्लाजी खरोखरच रॉकेलचा डबा आणि तारेचा ब्रश घेऊन आले. नेमकी तेव्हाच रस्त्याकडून एक परिक्रमावासी बाई आली. नर्मदेची प्रदक्षिणा घालणारी ही माणसं नदी ओलांडत नाहीत, पुलावरूनसुद्धा नाही; उगमाला वळसा घालूनच पलीकडच्या तीरावर जातात. मावशीने तिला जेवायला बोलावलं होतं आणि हे साफ विसरली होती. बाई पट्ट्याशी थबकली. ही मैया आहे का, तिने विचारलं.

नुसता रंग आहे म्हटलं असतं, तर बाई सरळ चालत आली असती. शुक्लाजी तेच ऐकायला टपले होते.

"हां जी, मैया हैं," मावशी म्हणाली.

"तो पार नहीं करेंगे. घूमके आएँगे," म्हणत बाई उगमाकडे वळली. उगमाला वळसा म्हणजे शुक्लाजींचं घर. पट्ट्याच्या अलीकडे त्यांच्या बैठकीचं दार, पलीकडे स्वयंपाकघराचं. बाई बैठकीतून शिरली, फोडणीचा वास घेत स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग जवळच्या कुपीतलं नर्मदेचं पाणी थेंबभर पायरीशी सोडलं आणि शुक्लाजींना हात जोडले.

"आपके द्वार से निकली हैं मैया. बड़े भाग हैं."

एका हातात रॉकेल, दुसऱ्या हातात ब्रश. नमस्कार कसा करायचा, हा शुक्लाजींना मोठाच प्रश्न पडला. शेवटी त्यांनी दोन्ही खाली ठेवलं.

मी निघाले त्या सकाळी फळी गायब. शुक्लाजींनी चौघांना हाताशी घेऊन तिच्यावरून स्कूटर बाहेर काढली, रस्त्याला लावली आणि आपल्या हाताने पूलच मोडला. आता सगळी गल्ली त्यांच्या स्वयंपाकघरातून ये-जा करत होती आणि त्यांची बायको गाल फुगवून चहा उकळत होती. मला एक उडी पुरली असती, कोणी बघतही नव्हतं. पण चपला हातात घेतल्या, बॅग उचलली आणि मुकाट शुक्लाजींच्या शेगडीला वळसा घातला. गाडी चुकता चुकता मिळाली.

नाशिकला घरी जाताना गोदावरीच्या पुलावर रिक्षा गर्दीत अडकली. शेजारच्या स्कूटरवाल्याने निर्माल्याची गच्च प्लास्टिकची पिशवी कठड्यावरून भिरकावायला हात उगारला. माझं डोकंच फिरलं.

"अहो, मैयावर काहून फेकून राहिले?" मी ओरडले.

तो माझ्याकडे बघतच राहिला, पण पिशवी हातातच राहिली.