आठ पाण्यांची बाटली

सत्यशीला खिल्लारे मूळच्या हिंगोलीच्या. रसायनशास्त्राची पदवी घेऊन पुण्यात आल्या, त्याला सव्वीस वर्षं झाली. हडपसरच्या पुढे एक खासगी संशोधन संस्था आहे, तिथल्या मीडिया विभागाच्या त्या प्रमुख. नातेवाईक ‘मीडिया’ ऐकून वर्तमानपत्राबद्दल विचारायचे. त्या सांगायच्या, पेशींचा स्वयंपाक करते.

काम खरोखर तसंच होतं. प्राण्याच्या शरीरातून काढलेल्या पेशी बाहेर जगवायच्या तर साखर, क्षार, जीवनसत्त्वं, सगळं पाण्यातून द्यावं लागतं. तयार भुकटी शुद्ध पाण्यात विरघळवायची, सोडा घालायचा, आम्लता जुळवायची, अतिशय बारीक गाळणीतून गाळून काचेच्या बाटल्यांत भरायचं. हे द्रावण म्हणजेच मीडिया. ते लालसर दिसतं. पेशींनी खाऊन संपवलं की पिवळं पडतं. बाटल्या धुवायचं काम जवळच्या मांजरी गावच्या सुंदराबाईंकडे होतं. साबणानंतर आठ पाणी, असा नियम. दोघी अठरा वर्षं दुपारचा चहा एकत्र घेत.

जानेवारीत नम्रता या पीएचडीच्या विद्यार्थिनीच्या पेशी मरू लागल्या. उंदराच्या मूत्रपिंडाच्या पेशी होत्या. त्या भांड्याच्या तळाला चिकटेनात, गोल होऊन तरंगत आणि दोन दिवसांत संपत. द्रावणाचा रंग ठीक होता. आधी त्यात घालायच्या सीरमवर, म्हणजे रक्तातून काढलेल्या द्रवावर, संशय गेला; नवं सीरम आलं, फरक पडला नाही. मग नम्रताने संस्थेच्या बैठकीत चाचरत सांगितलं, की मीडियातच काहीतरी असावं.

सत्यशीलांना राग आला नाही. त्यांनी नम्रतासमोर नवं द्रावण केलं. अर्धं कारखान्यातून सीलबंद आलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत भरलं, अर्धं नेहमीच्या काचेच्या. तीन दिवसांनी प्लास्टिकमधल्या द्रावणावर पेशी छान वाढल्या होत्या. काचेतल्यावर मेल्या होत्या.

त्यांनी फळीवरच्या सहा धुतलेल्या बाटल्या उतरवल्या, प्रत्येकीत थोडं शुद्ध पाणी घातलं आणि हलवल्या. चार बाटल्यांच्या गळ्याशी फेस आला. त्यातली एक घेऊन त्या धुण्याच्या खोलीत गेल्या.

"मावशी, साबणानंतर किती पाणी घालता?"

"ठरल्यात तेवढी. आठ."

सत्यशीलांनी बाटली ओट्यावर ठेवली. सुंदराबाईंनी फेसाकडे पाहिलं. मग रबरी हातमोजे काढले. बोटांची पेरं सुजली होती.

"आठ व्हत न्हाईत आता. तीनच करते. पाणी लई गार हाय, बोटं वळत न्हाईत." त्यांनी विचारलं, "वर सांगणार का?"

"सांगणार."

"माझं नाव घेऊन?"

"तुमचं आणि माझंही. दर आठवड्याला दोन बाटल्या मी तपासायच्या असतात. नोव्हेंबरपासून एकही तपासली नाही. तुम्ही धुतल्यात म्हणजे स्वच्छच, असं धरून चालले."

संचालक श्रीनिवास सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे महिनाभर आपण पेशींना साबणाचं पाणी पाजलं. जगल्या असत्या तर शोधनिबंध तरी झाला असता." दोघींना लेखी समज मिळाली. बाटल्या धुण्याचं यंत्र आलं. सुंदराबाईंची निवृत्ती पाच महिन्यांवर होती. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. नम्रताने गोठवून ठेवलेल्या पेशी बाहेर काढून काम पुन्हा सुरू केलं. ती माफी मागायला आली तेव्हा सत्यशीला म्हणाल्या, की संशय बरोबर जागीच होता.

घरी त्यांचे यजमान वैजनाथ म्हणाले, की मावशींचं नाव टाळता आलं असतं. "तेही सुचलं होतं," एवढंच बोलून त्या भाजी निवडत राहिल्या.

दुपारचा चहा बंद झाला. सुंदराबाई स्टोअरमध्येच डबा खायच्या. समोरासमोर आल्या तर मान हलवायच्या, बोलत नव्हत्या.

जूनमध्ये निरोप समारंभ झाला. चार शब्द बोला म्हटल्यावर सुंदराबाई उठल्या. "ताईंनी खरं तेच सांगितलं," त्या म्हणाल्या. "पण थंडीत हात कसं हायेत, आसं कुनी इचारलं असतं, तर म्या आधीच सांगितलं असतं." आणि बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणाला कळेना.

त्यानंतर सत्यशीला दोनदा मांजरीला जाऊन आल्या. पहिल्यांदा सुंदराबाई घरी नव्हत्या. दुसऱ्यांदा होत्या. पोहे झाले, सुनेच्या नोकरीचं बोलणं झालं. संस्थेचा विषय दोघींनीही काढला नाही.