घोड्याची शेपटीकडली बाजू

अत्तींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, डोळ्यात मोतीबिंदू वाढला म्हणून हे आम्हा दोघींना शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेले. सुप्याहून लोंढ्यापर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी. डोळ्याचं काम झालं. परतीच्या दिवशी धर्मशाळा सोडली तेव्हा हे म्हणाले, "मी औषध घेऊन येतो. तुम्ही घोड्याच्या कारंज्यापाशी थांबा. संध्याकाळची गाडी चुकली तर रात्री कुठं जायचं?"

ते कारंजं सगळ्या शहराला ठाऊक. टांगेवाल्यानं मागच्या रस्त्यानं आणून सोडलं. मोठ्या हौदाच्या मधोमध उंच चौथरा, वर काळा घोडा, त्यावर टोपीवाला साहेब. चौफेर पाणी असं उसळत होतं की पलीकडचं माणूस दिसत नव्हतं.

आम्ही शेपटीकडंच बसलो. आमच्या गावात राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा, मातीचा घोडा आहे. त्याच्या तोंडासमोर बायका थांबत नाहीत. ती देवाची रात्री फेरीला निघायची वाट. अत्तींनी हौदातलं ओंजळभर पाणी घोड्याला वाहिलं.

उन्हं उतरली तरी यांचा पत्ता नाही.

"हाक मार गं," अत्ती म्हणाल्या.

"काय म्हणून मारू?" यांचं नाव घ्यायचं नाही, आणि एवढ्या परक्या माणसांत माझी मान वर होत नव्हती.

"रानात पाल्याला जाऊन चुकलीस तर काय करतीस?"

"तुम्हीच मारा की."

"डाक्टरनं वरडू नको म्हटलंय. डोळा गेला तर तू देतीस?"

मी तोंडावर पदर ओढला आणि रानात घालतो तसा कुकारा घातला. "कूऽऽऽ!" टांग्याचं घोडं बुजलं. लोक थांबून बघू लागले. लाजेनं घाम फुटला, तरी पुन्हा घातला.

पाण्याच्या पलीकडून, अगदी जवळून, उत्तर आलं, "कूऽऽऽ!"

हे वळसा घालून धावत आले. "मी कवाधरनं घोड्याच्या तोंडाशी उभा हाय! चुकामूक नको म्हणून हललो न्हाई. तुम्ही शेपटीशी काय करताय?"

"राखणदाराच्या म्होरं बायकांनी बसायचं असतंय व्हय?"

"आये, तो साहेब हाय!"

"असंना. घोड्यावर बसलाय न्हवं?"

हे माझ्याकडं वळले. "आणि तुला एवढा आवाज हाय व्हय? घरात तर ऐकू येत न्हाई."

स्टेशनची वाट घोड्याच्या पुढ्यातून होती. तरी अत्तींनी माझा हात धरून मागच्या गल्लीनंच नेलं. गाडी सुटता सुटता चढलो. त्या साहेबाचं तोंड कसं होतं, ते काही मला ठाऊक नाही.